अतानियाझ आगाच्या दोन टोप्या

तुर्कमेन मुलखातल्या चार्जूच्या बंदरात अतानियाझ आगाला लोक दोन माणसे म्हणून ओळखत. पहिला बंदराने दिलेली टोपी घालणारा. तिला पुढे काळा चकचकीत छज्जा होता आणि वर पितळेचा नांगर. दुसरा मेंढीच्या लोकरीची भली मोठी, झिपरी तेलपेक घालणारा. टोपीतला अतानियाझ फेरीबोटीवर कप्तान म्हणून उभा राहून उंटवाल्यांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या कुळाचा उद्धार करी. तेलपेकमधला अतानियाझ शब्द तोलून बोले, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवी आणि गल्लीतली भांडणे मिटवी.

हे सोंग नव्हते. टोपी बदलली की माणूस बदलतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. एकदा शेजारच्या हुदायारची खरबुजांची गाडी धक्क्यावर यायला थोडा उशीर झाला. अतानियाझने फेरी सोडून दिली. हुदायार काठावरून हात हलवत राहिला, खरबुजे उन्हात राहिली. संध्याकाळी तेलपेक घालून अतानियाझ आगा शेजाऱ्याच्या समाचाराला गेला. हुदायारच्या बायकोने त्याच्यापुढे चहाची किटली ठेवली.

"तो कप्तान माणूस नव्हे, आगा," हुदायार म्हणाला.

"नव्हेच," अतानियाझ आगा मान हलवत म्हणाला. "त्याच्या घरी कुणी शिकवलं नसणार."

दोघांनी मिळून कप्तानाला बराच वेळ नावे ठेवली आणि आगा समाधानाने घरी गेला.

या गावाला असली माणसे शोभत, कारण गाव ज्या नदीवर वसले होते तिचाही एक स्वभाव नव्हता. आमू दर्या म्हणजे भाडेकरू. आज इथे राहील, उद्या सामान उचलून पलीकडच्या शेतात जाईल, आणि जाताना मालकाची भिंतही घेऊन जाईल. तिने काठ खाल्ला की त्याला 'देयगिश' म्हणत. बंदराची कचेरी देयगिशच्या धाकाने मागे मागे सरकत शेवटी खरबुजांच्या बाजाराला टेकली. बाजारवाले हटेनात म्हणून तिथे थांबली. कामावर उशिरा येणारा माणूस "देयगिश" म्हणाला की वरिष्ठ पुढे विचारत नसत. विचारले तर स्वतःच्याही उशिराचे कारण सांगावे लागे.

जिचा काठ असा, तिच्या तळाचे काय सांगावे. काल जिथे बोट बुडेल एवढे पाणी, तिथे आज गाढव उभे राही. त्यामुळे वाळूत बसण्याची चार्जूच्या कुठल्याही कप्तानाला लाज नव्हती. लाज होती ती बेगलीचा दोर घेण्याची.

बेगली हा ओढबोटीचा कप्तान. वाळूत बसलेल्याला दोर टाकून ओढून काढणे हे त्याचे काम, आणि मग वर्षभर चहाखान्यात त्याची कथा सांगणे हा त्याचा आनंद. रेशीम गिरणीच्या मॅनेजरची सासू एकदा अशी ओढून आणली गेली. तिला गाव 'दोरवाली' म्हणू लागले. ती वारली तेव्हा मयताला निघालेली माणसेसुद्धा एकमेकांना विचारत होती, "कोण गेलं म्हणता? दोरवाली?"

अशा गावात अतानियाझच्या धाकट्या मुलाचे, याझगुलीचे लग्न ठरले. मुलगी नदीपलीकडच्या आकगुमची, तावूस नावाची. तिचा बाप नेपेस हा बोटींना वाट दाखवणारे तरंगते बोये सांभाळणारा. रोज सकाळी होडी घेऊन जायचे, काठीने पाणी मोजायचे, आणि रात्रीत नदीने वाट बदलली असेल तर बोये उचलून नव्या वाटेवर लावायचे, हे त्याचे काम. त्याला मुलगा नव्हता, म्हणून होडीत वल्ह्यावर तावूस असे. बेगलीची भाची याझगुलीसाठी सांगून आली होती. अतानियाझने गोड बोलून नकार दिला होता. बेगलीने तोही गोड मानून घेतला होता आणि तेव्हापासून वाट बघत होता.

कापूस वेचून झाला, नदीवर बर्फ धरायला अजून अवकाश होता. लग्ने याच दिवसांत होत आणि पाणी याच दिवसांत सर्वांत कमी असे. नवरीला आणायला वऱ्हाडातल्या बायका जातात. मुलाच्या बापाने जायचे नसते. त्याने घरी तेलपेक घालून दारात उभे राहायचे आणि सूर्य मावळायच्या आत सुनेला घरात घ्यायचे, अशी रीत. अडचण एकच होती. दुसरी फेरीबोट दुरुस्तीला गोदीत चढवलेली आणि तिचा कप्तान पाय मोडून खाटेवर पडलेला. बोट हाकणारा एकटा अतानियाझ उरला.

"माझी बोट आहे की," बेगली धक्क्यावर येऊन म्हणाला. "नवरीला ओढत आणतो. मानाने आणीन."

"तुझा मान तुझ्याकडेच ठेव," ओगुलबेग म्हणाली. ती अतानियाझची थोरली बहीण. तिला सगळे बंदर बाजी म्हणे, आणि रीतभात या विषयात तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. बेगली वळल्यावर ती भावाला म्हणाली, "तू चल. पण कप्तान म्हणून. तेलपेक घरी खुंटीला ठेव. मुलाचा बाप घरी आहे, बोटीवर बोटीचा माणूस आहे. कळलं?"

"माझं सगळं आयुष्य तसंच गेलं, बाजी."

"आणि येताना वाळूत बसलास तर पोरगी जन्मभर दोरवाली नंबर दोन होईल. तेवढं डोक्यात ठेव. टोपीच्या आत."

सकाळी फेरी निघाली. वऱ्हाडाच्या बायका, रंगीत झुली घातलेला एक उंट, मिठाई, नव्या रजया. इंजिनावर येवसेय होता. हा उराल नदीकडच्या, जुन्या ख्रिस्ती पंथाच्या कोसॅकांपैकी. त्याच्या आजोबांना झारने हद्दपार करून इकडे पाठवले होते. दाढी छातीपर्यंत, तुर्कमेन भाषा अस्खलित आणि तोंड मोकळे. जाताना बोट अडली नाही. बोयांच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी गेली.

आकगुमला बायका उतरल्या आणि रिवाजाप्रमाणे नवरीकडच्या बायकांशी त्यांची ओढाताण सुरू झाली. पोरगी सुखासुखी दिली तर तिची किंमत काय राहिली? किंचाळ्या आणि हसणे यांत फरक कळेना. बाजीने एकीची वेणी धरली होती, दुसरीने बाजीचा रुमाल. अतानियाझ बोटीवर सुकाणूच्या खोलीत बसून हे सगळे न पाहिल्यासारखे करीत होता. मग कढईतल्या पुलावाचा वास आला. वास न आल्यासारखे करणे कठीण गेले.

काठावर नेपेस येऊन उभा राहिला. आपला व्याही आपल्याच काठावर उपाशी बसलेला, आणि त्याला ओळख दाखवायची सोय नाही. बिचारा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता.

"सलाम, कप्तान."

"सलाम."

"तुमच्या गावात माझे एक व्याही राहतात. ओळखता का त्यांना?"

"तोंडओळख आहे."

"आज आले असते तर त्यांना गालिच्यावर सगळ्यात वर बसवलं असतं. मेंढा त्यांच्यासाठीच शोधला मी. काल दिवसभर हिंडलो. त्यांना सांगाल?"

"सांगेन. भला माणूस आहे, मनाला लावून घेणार नाही."

नेपेस घुटमळला. "कप्तानाला जेवण पाठवावं, तर व्याह्याला कमी पडेल एवढंच पाठवता येतं. जास्त पाठवलं तर बायका म्हणतील, ओळखलं. म्हणून मी इंजिनवाल्यासाठी ताट पाठवतो. दोघांचं."

ताट आले. चांगले डोंगरासारखे भरलेले. ते येवसेयपुढे ठेवले गेले. येवसेयच्या पंथात दुसऱ्याच्या ताटात कुणी हात घालत नाही आणि आपल्या ताटात कुणाला घालू देत नाही. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि दोन माणसांचे जेवण एकट्याने संपवले.

"व्याही तुझा दिलदार आहे, आगा," तो दाढी पुसत म्हणाला.

"हो," अतानियाझ म्हणाला. त्याच्या हातात खिशातली शिळी भाकरी होती.

निघायच्या वेळी नेपेस पुन्हा धावत काठाशी आला. "कप्तान, तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. महत्त्वाचं. या गडबडीत डोक्यातून गेलं बघा."

"व्याह्यांना निरोप असेल."

"असेल," नेपेस म्हणाला आणि डोळे पुसू लागला. त्याची लेक बोटीवर चढत होती.

तावूस नखशिखान्त जड बुरख्याखाली होती. वर चांदीचे दागिने, खाली नवे जोडे, मध्ये पोरगी कुठे आहे हे अंदाजानेच कळत होते. तिला लोकरीच्या नमद्यावर बायकांच्या मधोमध बसवले. सासऱ्यापुढे सुनेने बोलायचे नाही. ओढणीचे टोक ओठांत धरून गप्प राहायचे. सासरच्या थोरल्या बायकांपुढेही तेच. पुढे वर्ष-दोन वर्षांनी, मांडीवर मूल आले की सासरा काहीतरी भेट देऊन तिचे तोंड सोडवतो. तोवर मूग गिळून बसायचे.

बोट नदीत शिरली. सूर्य पश्चिमेला कलला होता, पण वेळ होता. अतानियाझने लाल बोया डाव्या हाताला घेतला आणि गुणगुणू लागला.

तेवढ्यात बुरखा हलला. आतून एक हात बाहेर आला आणि बाजीची बाही ओढू लागला.

"रडते आहे," बाजी म्हणाली. "रड, बाळ. रडलं पाहिजे."

हात जास्तच जोरात ओढू लागला.

"माहेरची आठवण येते आहे. मागे बघायचं नाही हं."

बुरख्यातून मान जोरजोरात नकारार्थी हलली. दागिने खणखणले.

"मळमळतंय वाटतं," दुसरी एक बाई म्हणाली. तिने बुरख्याखाली रोटीचा तुकडा सरकवला. तो तसाच बाहेर आला. तिसरीने पाण्याचा पेला दिला; तोही परत आला. मग नवरी सरळ उठून उभी राहिली आणि बुरख्यासकट हात लांब करून पुढच्या बोयाकडे बोट दाखवू लागली.

"अगं बाई, तिला बोया आवडला," बाजी म्हणाली. "बापाची आठवण असणार. खाली बस, पोरी. दर्या पळून जात नाही."

इतक्यात बोटीखाली पीठ चाळल्यासारखा आवाज झाला. उंट पुढच्या गुडघ्यांवर बसला, बायका उंटावर बसल्या, आणि फेरीबोट नदीच्या मधोमध वाळूत रुतली.

मग टोपीतला अतानियाझ बोलला. ते इथे लिहिता येत नाही. बायकांनी नवरीच्या कानांवर बुरख्यावरूनच हात ठेवले.

इंजिन मागे घेऊन झाले, पुढे घेऊन झाले. सगळ्या वऱ्हाडाला उजव्या बाजूला नेले, डाव्या बाजूला नेले. सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या. उंटाने नकार दिला.

"अशीच बसू दे, आगा," येवसेय म्हणाला. "बर्फ धरला की नवरी चालत जाईल."

आणि चार्जूच्या बाजूने, रेल्वेपुलाखालून, धुराची एक बारीक रेघ उठली. बेगली धक्क्यावर दुर्बीण घेऊन बसला असणार. त्याची बोट सावकाश येत होती. दोर टाकायला येणारा माणूस घाई करत नाही; त्याला दृश्य पुरवून बघायचे असते.

सूर्य रेल्वेपुलाच्या कमानींना टेकायला आला होता. आणि नवरी अजूनही हात लांब करून उभी होती.

"बाजी, काय म्हणते आहे ती?"

"ती काही म्हणत नाही. म्हणू शकत नाही. तू समोर आहेस."

"मी कोण आहे?"

"माझा भाऊ. मूर्ख."

"माझ्या डोक्यावर काय आहे?"

बाजीने वर पाहिले. "टोपी."

"तेलपेक कुठे आहे?"

"घरी. खुंटीला."

"मग तिचा सासरा कुठे आहे?"

बाजीभोवती बायकांची डोकी जमली. एक म्हणाली, टोपीखाली माणूस तोच आहे. दुसरी म्हणाली, सकाळी सगळ्या आकगुमने त्याला ओळखलं नाही, तर आपण कशाला ओळखायचं. तिसरी म्हणाली की बुरख्यातून तिला त्याचा चेहरा दिसतही नसेल. बाजीने हात वर केला.

"ऐका. कप्तान परका माणूस. परक्या माणसाशी बाईने कामापुरतं बोलायला हरकत नाही. आम्ही थोरल्या बायका सगळ्या त्या बाजूला तोंड करून उंटाकडे बघतो. पोरी, टोपी डोक्यावर आहे तोवर बोल. टोपी उतरली की तोंड बंद."

बायकांनी पाठ फिरवली. अतानियाझला वाटले, आतून चिमणीसारखा आवाज येईल.

"इंजिन बंद करा आधी," बुरखा गरजला.

नदीच्या या काठावरून त्या काठावर हाका मारून कमावलेला तो आवाज होता. उंट उठून उभा राहिला.

"मघापासून पंखा फिरवून वाळू स्वतःच्याच पोटाखाली ढकलताय. कुणी शिकवलं हे?"

"मी बोया बघून आलो," अतानियाझ ओरडला. बोयावाल्यांशी तो असाच बोलत असे. "बोया डावीकडे होता, मी उजवीकडून आलो. बोया कुणाचा? तुझ्या बापाचा."

"बोया जुन्या वाटेवर आहे. परवा रात्री वाट सरकली. सकाळी यायच्या वेळी पाणी जरा चढं होतं म्हणून तुम्ही निसटलात. हलवायचा होता काल, पण बाबा मेंढा शोधत हिंडत होते."

"आणि तू?"

"मला घरच्या बायकांनी वेण्या घालायला बसवलं होतं. किती वेण्या ते डोकं दुखतंय तेव्हा कळतं. मी घरून ओरडून सांगत होते, बोया, बोया. आई म्हणाली, नवऱ्यामुलाला असल्या नावाने हाक मारू नये."

पाठमोऱ्या बायकांतून कुणीतरी खुदकन हसले. बाजीने तिला कोपर मारले.

"मग आता काय करू?" कप्तान म्हणाला. आवाज थोडा खाली आला होता.

"नांगर मागच्या बाजूने टाका, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. बोट जरा तिरकी होऊ द्या. माणसं सगळी पुढे, उंटसुद्धा. आणि गप्प बसा. जिने वाळू टाकली ती नदीच खणून नेईल."

नांगर पडला. माणसे पुढे गेली. उंटाला तिघींनी ढकलले. मग नुसते बसायचे होते, आणि बेगलीची बोट आता एवढी जवळ आली होती की तिच्यावर गुंडाळलेला दोर दिसत होता.

"चहा," अतानियाझ म्हणाला.

"आता?" बाजी म्हणाली.

"आत्ताच. प्रत्येकीपुढे किटली. नमदे पसरा. मिठाई काढा."

बेगली आवाजाच्या टप्प्यात आला तेव्हा फेरीबोटीच्या नाकाडावर सगळे वऱ्हाड मांडी घालून चहा पीत होते. कप्तान उभा राहून पेला फुंकत होता.

"दोर टाकू का, अतानियाझ?"

"कशाला?"

"वाळूत बसला आहेस ना."

"चहाला थांबलोय."

"नदीच्या मधोमध?"

"काठावर फार धूळ असते. नव्या सुनेला दर्या दाखवतोय. मुलाच्या बापाने सांगितलंय, घाई करू नका."

बेगलीने बोट आणखी जवळ आणली. "मला इथून कुणीतरी ओरडताना ऐकू आलं. बाईचा आवाज होता."

"येवसेय होता तो," अतानियाझ म्हणाला.

येवसेयने दाढीवरून हात फिरवला आणि बारीक आवाजात खोकला.

बेगली दोर हातात घेऊन बघत राहिला. त्याला घाई नव्हती. पण बोटीखाली घर्रकन काहीतरी सरकले, पेल्यांतला चहा डुचमळला, आणि फेरीबोट कुशीवर वळणाऱ्या म्हाताऱ्यासारखी कण्हत मोकळी झाली.

"झाला चहा," अतानियाझ म्हणाला. "येवसेय, इंजिन."

बुरख्यातून हात निघाला आणि उजवीकडे दाखवू लागला. कप्तानाने सुकाणू उजवीकडे घेतले. हात डावीकडे गेला, सुकाणू डावीकडे गेले. चार्जूच्या धक्क्यापर्यंत बोट त्या हातावर आली. मागून बेगली येत होता, दोर न भिजवता.

बोट टेकली तशी अतानियाझने सुकाणू येवसेयच्या हाती दिले आणि खरबुजांच्या बाजारामागच्या बोळातून धूम ठोकली. वऱ्हाड वाजतगाजत वळसा घालून येईपर्यंत त्याने टोपी खुंटीला लावली, तेलपेक चढवली, आणि धाप लपवत दारात उभा राहिला. घरांच्या गच्च्यांवर अजून ऊन होते.

"आलात?" तो गंभीरपणे बाजीला म्हणाला. "प्रवास कसा झाला?"

"बरा झाला," बाजी म्हणाली. "कप्तान थोडा तोंडाळ होता."

"असतात तसले लोक. सूनबाईंना त्रास नाही ना झाला?"

सुनेने ओढणीचे टोक ओठांत धरले आणि खाली वाकली.

त्या दिवसापासून त्या घरात एक नवी रीत पडली, जी चार्जूत दुसरीकडे कुठे नव्हती. तेलपेकमधल्या सासऱ्यापुढे तावूस एक अक्षर बोलत नसे. चहाची किटली ठेवायची आणि मागे सरायचे. पण अतानियाझने खुंटीवरची टोपी घातली की तो परका कप्तान होई. मग ती त्याला सांगे की तिकडच्या पाण्याचा रंग बदललाय, याझगुली पैसे चहाखान्यात उडवतो, शोरब्यात मीठ जास्त पडलंय हे मला कळलंय आणि पुन्हा पुन्हा तोंड वाकडं करायची गरज नाही. अतानियाझही टोपीत असल्यामुळे मोकळेपणी भांडे. हळूहळू तो जेवायलाही टोपी घालून बसू लागला. बाजी आली की टोपी चटकन मांडीखाली जाई.

नातू झाला. बाजीने आठवण करून दिली की आता सुनेचे तोंड सोडवायला हवे. माणसे जमली. अतानियाझ आगाने तेलपेक घातली, तावूसपुढे रेशमी शाल ठेवली आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "सूनबाई, या घरात आजपासून माझ्यापुढे बोलत जा."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तावूसने शाल उचलली, ओठांतले ओढणीचे टोक सोडले आणि जरा विचार केला.

"आगा," ती हळूच म्हणाली, "मला सांगायचं होतं तेवढं सगळं कप्तानाला सांगून झालंय."

अतानियाझ आगाने खाली मान घातली. मग पाहुण्यांपुढे डोक्यावरची तेलपेक काढून बाजीच्या हातात दिली आणि खुंटीवरची टोपी आणायला उठला.